बाबांच्या चष्म्याची उजवी काडी

३ मार्च, मंगळवार. सकाळी ७.४०

चहा घेता घेता बाबांच्या चष्म्याची उजवी काडी त्यांच्या हातात आली. स्क्रू गायब. पंख्यांच्या कारखान्यात स्टोअर सांभाळणाऱ्या माणसाच्या घरातून एक स्क्रू बेपत्ता व्हावा, हे मला झोंबलं. सव्वीस वर्षांत माझ्या स्टॉकमध्ये एक वॉशरसुद्धा कमी निघालेला नाही.

ही म्हणाली, ड्यूटीवर जाताना कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्याकडे टाकते, दोन मिनिटांचं काम आहे. (ही हॉस्पिटलात सिस्टर आहे. तिला सगळंच दोन मिनिटांचं वाटतं.) मी ठाम नकार दिला. ज्याच्या सहीशिवाय कारखान्यातला एक स्क्रू हलत नाही, तो माणूस एका स्क्रूसाठी चष्मेवाल्याच्या दारात उभा राहणार? लोक तोंडात शेण घालतील. संध्याकाळी आल्यावर पंधरा मिनिटांत करतो, असं बाबांना सांगून टाकलं. बाबा म्हणाले, बघ जमतंय का.

केवढा विश्वास!

संध्याकाळी ७.३०

पंधरा मिनिटांचं काम एक तास वीस मिनिटं चाललं. पण तो सगळा वेळ शोधण्यात गेला, दुरुस्तीत नाही. हा फरक इथे नोंदवून ठेवतो.

टेबलाखाली रांगत असताना एक काळा चकाकता ठिपका दिसला. हळूच चिमटीत उचलला. तो चालू लागला. मुंगी होती. चावली.

कामाचं गांभीर्य स्वतःला नीट समजावं म्हणून लिहितो. बाबांच्या क्लबात दर वर्षी ज्येष्ठांची बुद्धिबळ स्पर्धा असते. बाबा सलग तीन वर्षं फायनलला मॅनेजरकडून हरलेत. (मॅनेजर म्हणजे बँकेतून रिटायर झालेले एक गृहस्थ. क्लबात त्यांना नावाने कुणी हाक मारत नाही.) तिन्ही वेळा दोष चष्म्याचा होता, असं बाबा सांगतात. पहिल्या वर्षी काचेवर बल्ब चमकत होता. दुसऱ्या वर्षी नंबर वाढला होता. गेल्या वर्षी फ्रेम वाकडी होती. त्या फ्रेमवर आदल्या दिवशी कोण बसलं होतं, हा विषय इथे काढायचं कारण नाही. तिचा पुढे तुकडा पडला आणि तेव्हापासून घरात दुसरा चष्मा नाही.

सेमीफायनल १५ तारखेला. फायनल २२ ला. या वर्षी चष्म्याने दगा देता कामा नये.

संकल्प: उद्या काम फत्ते.

४ मार्च

ऑफिसात कॅटलॉग काढून अभ्यास केला. चष्म्याला साधारण दीड मिलिमीटरच्याही आतला स्क्रू लागतो. आमच्याकडचा सगळ्यात बारीक तीन मिलिमीटरचा. तरी पाच नमुने घेतले. इश्यू स्लिप मीच भरली, मंजुरी मीच दिली, मालही मीच ताब्यात घेतला. तीन ठिकाणी तीन वेगळ्या सह्या केल्या. नियम म्हणजे नियम.

घरी आल्यावर बाबांच्या तळहातावर नमुने ठेवले. त्यांनी चष्म्याशिवाय, नुसतं अंगठ्याने चाचपून सांगितलं की हा पंख्याच्या कपचा आहे, हा रेग्युलेटरचा. अगदी बरोबर! चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. जिन्याखालचं एवढंसं दुकान, पण सगळं मार्केट त्यांच्याकडे यायचं. दोन वर्षांपूर्वी हात थरथरायला लागला आणि त्यांनी दुकान बंद केलं. बोटांची जाण मात्र अजून शाबूत आहे. वाया जातेय बिचारी.

तात्पुरता उपाय म्हणून काडीला सेफ्टी पिन लावली.

५ मार्च

पिन कानशिलाला टोचली. बाबा नुसतं ‘हं’ म्हणाले. हिने औषध लावलं आणि माझ्याकडे पाहिलं. 

खरं तर योग्य हत्यार घरातच आहे. बाबांचा पत्र्याचा डबा कपाटावर असतो, दुकान बंद केल्यापासून. पण तो मागायची सोय नाही. घड्याळ दुरुस्त करणारा माणूस आपला स्क्रूड्रायव्हर दुसऱ्याच्या हातात देत नाही. टोक ज्याच्या दाबाने झिजतं त्याच्याच हाताचं ते ऐकतं, असं बाबांना त्यांच्या उस्तादांनी शिकवलेलं. सख्ख्या भावालाही त्यांनी कधी दिला नाही.

मला मात्र अकराव्या वर्षी एकदा दिला होता. गजराचं एक जुनं घड्याळ उघडून बघ म्हणाले. त्यातली स्प्रिंग जी उडाली ती आजतागायत मिळालेली नाही. बाबा तेव्हा म्हणाले होते, तू अभ्यास कर. माझी बुद्धी त्यांनी इतक्या लहानपणी ओळखली होती! मग मी अभ्यास केला, स्टोअरला लागलो, आणि फिरून शेवटी स्क्रूंपाशीच आलो. रक्त कुठे जातं?

आज आढेवेढे न घेता थेट विचारलं, डबा काढू का. बाबा म्हणाले, नको.

ऑनलाइन स्वतःचा सेट मागवला.

६ मार्च

पिन काढून दोरा बांधला. घरात लाल दोराच निघाला. क्लबात मॅनेजरने बाबांना विचारलं म्हणे, की चष्म्याला नजर लागू नये म्हणून का? खिलाडूपणा नावाची गोष्ट राहिली नाही.

७ मार्च, शनिवार

सेट आला! एक चिमुकला स्क्रूड्रायव्हर, चिमटा, भिंग, आणि खणाखणांच्या पारदर्शक डबीत वीस प्रकारचे दोनशे स्क्रू. डबी पाहून डोळे निवले. असं स्टोअर पाहिजे.

मग डबी उघडली. झाकण खालच्या बाजूला आहे, हे त्यावर ठळक लिहायला नको का?

एकशे त्रेसष्ट सापडले. वेळ वाचावा म्हणून लोहचुंबक फिरवला. आता ते एकमेकांना सोडत नाहीत. एक उचलला की मागून सगळी वरात येते. उरलेल्यांपैकी दोन हिला सापडले, पायाला. तिने ते माझ्यासमोर टेबलावर ठेवले आणि म्हणाली, एकशे पासष्ट.

पण संध्याकाळी ठीक ६.१५ ला एक स्क्रू बसला. आत गेला, फिरला, थांबला. बाबांनी चष्मा घातला, मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली. पडला नाही. मला एकदम भरून आलं. अकराव्या वर्षापासूनचं काहीतरी छातीतून उतरलं.

संकल्प: यापुढे घरातली सगळी बारीक कामं मीच करणार.

८ मार्च

काडी चहात पडली.

कारण शोधून काढलं. गरम वाफेने धातू प्रसरण पावतो. म्हणजे दोष चहाचा आहे. काडी चमच्याने काढली, पण स्क्रू दिसेना. बाबांनी चहा शेवटच्या घोटापर्यंत शांतपणे संपवला, जिभेवरून स्क्रू काढला आणि बशीत ठेवला. साखर जास्त झालीय एवढंच म्हणाले.

९ मार्च

व्हिडिओत पाहिलं की स्क्रूच्या आट्यांवर नेलपॉलिशचा एक थेंब द्यायचा. सुकलं की स्क्रू हलत नाही. हिच्याकडे कुठल्याशा लग्नातली एक बाटली निघाली. एक थेंब फारच कमी वाटला म्हणून पाच दिले. ओघळ फ्रेमवर आला. तो पुसायला रिमूव्हर घेतलं, फ्रेम घट्ट धरली आणि चोळलं.

चष्म्याच्या काही फ्रेम रिमूव्हरने विरघळतात, हे व्हिडिओत शेवटी सांगतात. मी शेवटपर्यंत पाहिला नव्हता. उजव्या काचेच्या बाजूला, नाकाजवळ, माझा अंगठा उमटलाय. रेघन् रेघ स्पष्ट. ही म्हणाली, बरं झालं, पोलिसांना शोधाशोध नको.

बाबांनी ठशावरून बोट फिरवलं. म्हणाले, तुझाच आहे.

पण स्क्रू बसलाय!

१० मार्च, संध्याकाळी

दिवसभर काडी टिकली. मी जिंकलो.

आता टिकवणं महत्त्वाचं. कारखान्यात आम्ही बिघाड होण्याआधीच देखभाल करतो. (म्हणजे मेंटेनन्सवाले करतात, पण तेलाचा डबा माझ्या सहीने जातो.) तेव्हा आजपासून रोज संध्याकाळी सहा वाजता बाबांच्या खोलीत तपासणी. स्क्रू काढायचा, पुसायचा, शिलाई मशिनच्या तेलाचा एक थेंब द्यायचा, परत बसवायचा. तक्ता करून बाबांच्या टेबलावर चिकटवला. तारीख, वेळ, शेरा, सही.

बाबांनी तेलाच्या बाटलीकडे बराच वेळ पाहिलं. म्हणाले, तेल देणार? रोज? मी हो म्हटलं. ते म्हणाले, बरं.

११ मार्च

शेरा: उत्तम. स्क्रू इतका घट्ट होता की काढताना मला घाम फुटला. माझंच काम मला जड जातंय! तेल दिलं.

काम पाच मिनिटांचं, पण बसलो तास-सव्वा तास. बाबा एका जुन्या खिशातल्या घड्याळाची गोष्ट सांगत होते. ते फक्त मालकाच्या खिशात चालायचं, दुकानात ठेवलं की बंद पडायचं. आठ दिवसांनी कळलं की मालक ते रोज हळूच झटकायचा. हे मी आधी कधी ऐकलं नव्हतं. की ऐकलं होतं आणि लक्ष नव्हतं?

१२ मार्च

शेरा: अत्युत्तम. तेल दिलं.

बाबांच्या टोपलीत कापसाचे पाच-सहा बोळे दिसले, तेलाचा वास येणारे. कान साफ करत असावेत. त्यांना कानाचं तेल वेगळं असतं हे सांगायला हवं. हिचं स्पिरिटही कमी झालंय, पण तिला त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही.

१३ मार्च

ऑफिसात काल सहज विषय काढला. (तिसऱ्यांदा.) अकाउंट्समधल्या बाईंनी आपला चष्मा दिला, डिस्पॅचवाल्यानेही दिला. माझी पद्धत म्हणजे दुरुस्ती संध्याकाळी, मग चोवीस तास निरीक्षणासाठी बाबांच्या टेबलावर. हॉस्पिटलात ॲडमिट करतात तसं. ही म्हणाली, पेशंट वाढले का? आणि हसत आत गेली. तिला माझा अभिमान वाटतो, दाखवत नाही एवढंच.

कपाटावरच्या जागेवर डब्याचा चौकोन नुसता उमटलाय, डबा नाही. आवराआवरीत हिने कुठेतरी हलवला असेल. मी विचारलं नाही. मला आता त्याची गरजही नाही.

१४ मार्च

दोन्ही पेशंट ठणठणीत. डिस्पॅचवाल्याचा चष्मा मी परत केला तेव्हा तो काड्या उघडमीट करून बघतच राहिला. म्हणाला, एखाद्या कारागिराने केल्यासारखा झालाय. मी म्हटलं, घराण्यात आहे.

१५ मार्च, रविवार

बाबा सेमीफायनल जिंकले! चष्मा जागचा हलला नाही. समोरचे आजोबा बावीस मिनिटांत शरण आले. बाबांनी हात मिळवला तेव्हा त्यांचा हात थरथरत होता, पण चेहरा असा की मी लहानपणी दुकानात बघायचो तसा.

दुकानात मी शाळेतून परत येताना रोज थांबायचो. कधी बंद केलं ते आठवत नाही.

संध्याकाळी सहाला तपासणी. शेरा: विजयी. तेल दोन थेंब दिलं.

१७ मार्च

एकूण पाच पेशंट बरे झाले. ऑफिसात मला डॉक्टर म्हणतात. बाबा मला आता घोड्याच्या चाली शिकवतात. मी वजीर फार लवकर बाहेर काढतो म्हणे. मला वाटतं, ती त्यांच्या पिढीची पद्धत. आजकाल वजीर लवकर काढतात.

१८ मार्च

साहेबांच्या चष्म्याची काडी ढिली. मोठी मीटिंग सुरू व्हायला दहा मिनिटं. साहेबांनी मला बोलावलं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.

सेट खिशात होताच. तीन मिनिटांत स्क्रू बसवला, वर तेलाचा थेंब. सगळे बघत होते.

तपशिलात जात नाही. साहेबांनी आकडे वाचायला मान खाली घातली, डावी काडी कानावर राहिली, बाकीचा चष्मा आकड्यांकडे गेला आणि एक काच पाण्याच्या ग्लासात. कुणी हसलं नाही, हे जास्त वाईट.

निष्कर्ष शांत डोक्याने काढला. घरी दुरुस्त केलेले सगळे चष्मे पक्के. ऑफिसात केलेला एकच, तो सुटला. माणूस तोच, स्क्रू तोच, तेल तेच. म्हणजे फरक ऑफिसच्या एसीचा आहे. बाबांना हे समजावून सांगितलं. ते खिडकीबाहेर बघत होते. खांदे हलत होते. खोकला असावा.

२१ मार्च, शनिवार. दुपारी ३

उद्या फायनल. बाबा क्लबात सरावाला गेलेत, सराव काय, सोंगट्या चाचपूनही होतो म्हणून चष्मा माझ्याकडे ठेवून. मी ठरवलंय, आज साधी तपासणी नाही, पूर्ण ओव्हरहॉल. दोन्ही काड्या उघडायच्या, साफ करायच्या, नवे स्क्रू, नवं तेल. कारखान्यात मोठ्या ऑर्डरआधी मशिनं अशीच उघडतात.

ही दारातून म्हणाली, चाललंय ते चालू द्या की, उद्यापर्यंत हात लावू नका. तिला मेंटेनन्स कळत नाही.

रात्री ९.१५

डाव्या हाताने लिहितोय. उजव्याचं कारण पुढे येईल.

जुना स्क्रू फारच घट्ट होता. जोर लावला तेव्हा त्याची खाच गुळगुळीत झाली. पक्कडीने ओढून काढला. मग नवा घातला, तो आरपार गेला. दुसरा घातला, तो अर्ध्यात अडकला. मधल्या काळात डाव्या काडीला उजवीकडे आणि उजवीला डावीकडे लावलं होतं. कानांची वळणं आभाळाकडे गेल्यावर लक्षात आलं. ती काढताना डबी पुन्हा सांडली.

शेवटी वैतागून झटपट चिकटणारा गोंद काढला. गोंद सगळीकडे लागला, फक्त जोडाला सोडून. अंगठा आणि तर्जनी उजव्या काडीला चिकटली. बाबा घरी आले तेव्हा मी काडी हातात धरून उभा होतो. सोडता येत नव्हती म्हणून. त्यांना वाटलं, मी दाखवतोय. नीट जवळ येऊन पाहिलं आणि म्हणाले, जेवून घे.

डाव्या हाताने जेवलो. मग हिने कोमट साबणाच्या पाण्यात माझा हात बुडवून ठेवला. वीस मिनिटांनी काडी सुटली, बोटांवरची थोडी कातडी घेऊन. मी म्हटलं, सकाळी उठून चष्मेवाल्याकडे जातो. ती म्हणाली, उद्या रविवार आहे, त्याचं दुकान बंद.

मी बाबांची चौथी फायनल घालवली. सुरू व्हायच्या आधीच. तक्त्यावर आज शेरा लिहिला नाही.

२२ मार्च, रविवार. सकाळी ९.३०

साडेसातला बाबांच्या खोलीत गेलो. फ्रेम, दोन काड्या, गोंदाचे डाग, सगळं त्यांच्यासमोर ठेवलं. म्हटलं, बाबा, मला जमलं नाही. हे वाक्य म्हणायला मला वीस दिवस लागले.

बाबा म्हणाले, सूनबाई, डबा दे.

हिने टेबलाचा खालचा खण उघडला आणि पत्र्याचा डबा काढला. नऊ-दहा दिवस तो तिथेच होता. रोज स्टुलावर चढून काढून द्यायचा कंटाळा आला म्हणून तिनेच खाली आणला होता. रोज म्हणजे, मी ऑफिसला गेलो की. मग बाबा माझं तेल कापसाने आणि स्पिरिटने पुसायचे आणि स्क्रू घट्ट करायचे. अकाउंट्सच्या बाईंचा, डिस्पॅचवाल्याचा, पाचही जणांचे. ही सांगत होती आणि मी टेबलावरच्या तक्त्याकडे बघत होतो. उत्तम. अत्युत्तम. खाली माझी सही.

बाबांनी आधी ब्लेडने गोंद खरवडला. मग कोपर टेबलावर रोवलं, करंगळी टेबलाच्या कडेला दाबली आणि थांबले. हात थरथरत होता. ते नुसते थांबले. मग क्षणभर तो स्थिर झाला आणि तेवढ्यात त्यांनी एक अर्धा फेरा दिला. परत थरथर, परत थांबले. म्हणाले, ती येते आणि जाते, तिच्याशी भांडायचं नाही, मधल्या वेळात काम करून घ्यायचं. डोळे मिटलेले होते. चष्मा नव्हताच, तर उघडे ठेवून तरी काय दिसणार?

उजव्या काडीसाठी त्यांनी डब्यातून कागदाची एक पुडी काढली. गिऱ्हाइकांच्या स्क्रूंच्या बांधायचे तशी. वर त्यांच्या वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलेलं: ३ मार्च. आत मूळ स्क्रू. त्याच दिवशी आंघोळीला जाताना शर्टाच्या खिशात सापडला होता.

मी विचारलं, मग सांगितलं का नाही? बाबा म्हणाले, तू पंधरा मिनिटं म्हणाला होतास, म्हटलं बघू. मग स्क्रू फिरवून झाल्यावर, चष्मा पुसता पुसता म्हणाले, तू रोज येऊन बसत होतास, बरं वाटत होतं.

मला इतकं वाईट वाटलं आणि त्याहून इतकं बरं वाटलं, की मी जमिनीवर बसून सांडलेले स्क्रू गोळा केले.

संध्याकाळी ६

क्लब गच्च भरला होता. खेळ सुरू व्हायच्या आधी मॅनेजरने सगळ्यांदेखत विचारलं, काय, या वर्षी चष्मा कसा आहे? आधीच सांगून ठेवा, नंतर नको. सगळे हसले. आता बाबा गोंदाचा डाग दाखवू शकले असते. अंगठा दाखवू शकले असते. चौथ्या वर्षाचं कारण त्यांच्या नाकावर तयार बसलं होतं.

बाबा म्हणाले, चष्मा फर्स्ट क्लास आहे, माझा मुलगा बघतो त्याचं.

मग बाबा त्रेचाळीस चालींत हरले. चष्मा तसूभर हलला नाही.

घरी येताना अर्धा रस्ता झाला. मग बाबा थांबले, चष्मा काढला आणि फ्रेमवरच्या ठशावर बोट ठेवून म्हणाले, हा तुझा अंगठा मधे मधे येत होता, उंट दिसलाच नाही. मी म्हटलं, दिसणार कसा, बाबा, चूक फ्रेमचीच. दोघंही पटापट चालायला लागलो. ही मागून येत होती, ती इतकी हसत होती की तिला एका फाटकाला धरून उभं राहावं लागलं.

२३ मार्च, सोमवार

सेट आवरून माळ्यावर टाकला. तक्ता फाडला. ऑफिसात सगळ्यांना सांगितलं की दवाखाना बंद, आणि खरा डॉक्टर कोण तेही सांगितलं. डिस्पॅचवाला म्हणाला, आम्हाला वाटलंच होतं. हे ‘वाटलंच होतं’ मला आवडलं नाही, पण ऐकून घेतलं.

सहा वाजले. चष्मा आता पक्का, तपासायला काही उरलं नाही. म्हणून मुद्दाम बाहेरच्या खोलीत पेपर घेऊन बसलो. एकच पान तीनदा वाचलं.

६.१० ला आतून हाक आली. काडी हलतेय म्हणाले.

जाऊन पाहिलं. खरंच हलत होती, चांगले दोन फेरे ढिली. मी पंख्यांच्या स्टोअरमधला माणूस असेन, पण एवढं मलाही कळतं की बाबांनी बसवलेला स्क्रू एका दिवसात आपोआप ढिला होत नाही. टेबलावर डबा उघडा होता. स्क्रूड्रायव्हर बाहेर. समोर बुद्धिबळाचा पट मांडलेला आणि माझी खुर्ची ओढून ठेवलेली.

बसलो आणि हात पुढे केला.

बाबांनी स्क्रूड्रायव्हर उचलला, माझ्या हाताकडे जरा वेळ पाहिलं, आणि माझ्या तळहातावर डब्याचं झाकण ठेवलं. म्हणाले, हे धर, स्क्रू यात ठेवतो. झाकण आडवं धरायचं आणि श्वास हळू घ्यायचा.

सव्वा तास धरलं. एकदाच सांडलं.